पश्चात्ताप आणि ध्वनिफीत : सॅम्युएल बेकेटच्या 'क्रॅप्स लास्ट टेप'मधील वृद्ध नायक

प्रास्ताविक

आयुष्याच्या उतरणीवर उभा राहून गतायुष्याचा हिशेब मांडणारा वृद्ध पुरुष हा नाट्यवाङ्मयातील एक जुना आणि प्रभावी नायक आहे. शेक्सपिअरचा लिअर, आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) मधील विली लोमन, वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' (१९७०) मधील अप्पासाहेब बेलवलकर ही या नायकाची मराठी अभ्यासकांना सुपरिचित असलेली रूपे होत. तिघांचे काळ, समाज आणि नाट्यघाट भिन्न असले तरी त्यांच्यात एक साम्य आढळते. प्रत्येकाच्या चुकीला एक साक्षीदार आहे. लिअरसमोर कॉर्डेलिया आहे, विलीसमोर बिफ आहे, बेलवलकरांसमोर कावेरी आणि विठोबा आहेत. आपण चुकलो हे कबूल करावयाचे तर ते कोणापाशी करावयाचे, हा प्रश्न या नायकांना पडत नाही. कबुली देण्याचे धैर्य होते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

सॅम्युएल बेकेटच्या 'क्रॅप्स लास्ट टेप' (१९५८) या एकपात्री नाटकात नेमका हा साक्षीदारच नाहीसा झालेला आहे. एकोणसत्तर वर्षांचा क्रॅप आपल्या वाढदिवसाच्या रात्री एकटा बसून तीस वर्षांपूर्वीचा स्वतःचाच आवाज ध्वनिफितीवर ऐकतो. त्याच्यासमोर दुसरे माणूस नाही. आहे ते यंत्र. 'कलेसाठी प्रेमाचा त्याग करणाऱ्या लेखकाची शोकांतिका' असा या नाटकाचा परिचय सामान्यतः करून दिला जातो. वर्गातील अध्यापनातही हेच सूत्र सोयीचे ठरते. मात्र संहितेचे बारकाईने वाचन केल्यास हे सूत्र अपुरे पडते, असे दिसून येते. क्रॅपची चूक कोणती, ती त्याला कळते काय, आणि ज्याला पश्चात्ताप म्हणता येईल असे काही या नाटकात घडते काय, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या नाटकाचा विचार केला आहे.

नाटकाची पार्श्वभूमी

१९५७ च्या डिसेंबरमध्ये बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर पॅट्रिक मॅगी या आयरिश नटाने बेकेटच्या गद्यलेखनाचे वाचन केले. त्या काहीशा घोगऱ्या, थकलेल्या आवाजाने बेकेट प्रभावित झाला आणि त्या आवाजासाठीच त्याने १९५८ च्या प्रारंभी हे नाटक इंग्रजीत लिहिले. हस्तलिखितावर आरंभी 'मॅगी मोनोलॉग' असे नाव होते. २८ ऑक्टोबर १९५८ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये डोनाल्ड मॅकव्हिनीच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. क्रॅपची भूमिका अर्थातच मॅगीने केली. म्हणजे या नाटकाचे बीज कथानकात वा पात्रात नसून आवाजात आहे. शरीरापासून सुटलेला, नभोवाणीवरून येणारा आवाज ऐकता ऐकता लेखकाला एका अशा माणसाची कल्पना सुचली, की ज्याच्यापाशी त्याच्या आवाजाखेरीज काही उरलेले नाही.

टेपरेकॉर्डर हे त्या काळी नवे यंत्र होते. तीस वर्षांपूर्वीची ध्वनिफीत ऐकणारा म्हातारा १९५८ साली वास्तवात संभवतच नव्हता. ही अडचण ओळखून बेकेटने नाट्यकाल भविष्यातील एका संध्याकाळचा ठरविला. आज रिळांचा टेपरेकॉर्डर वस्तुसंग्रहालयात गेला आहे आणि तो भविष्यकाळही मागे पडला आहे. पण यंत्र जुने झाल्याने नाटक जुने झालेले नाही. बेकेटने यंत्राकडे पाहिले ते स्मृतीचे एक प्रतिरूप म्हणून, नवलाईची वस्तू म्हणून त्याला त्यात रस नव्हता.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद करणे अगत्याचे आहे. बेकेटने १९३१ साली प्रूस्तवर एक छोटेखानी प्रबंध प्रसिद्ध केला होता. माणूस ठरवून आठवतो ती ऐच्छिक स्मृती आणि न बोलावता अवचित येऊन भिडते ती अनैच्छिक स्मृती, हा प्रूस्तच्या विचारातील भेद त्या प्रबंधाच्या केंद्रस्थानी आहे. पहिली स्मृती सोयीची, पण निर्जीव. दुसरी बेभरवशाची, पण सजीव. सत्तावीस वर्षांनंतर लिहिलेल्या या नाटकात हा भेद रंगभूमीवर दृश्यरूप घेतो. क्रॅपची खतावणी, क्रमांक घातलेल्या पेट्या आणि रिळे ही ऐच्छिक स्मृतीची सामग्री होय. दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीचे काय होते, हा या लेखाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा असून त्याचा विचार पुढे येईल.

एका माणसाचे तीन वारस

रंगमंचाच्या मध्यभागी एक टेबल आहे. त्यावर टेपरेकॉर्डर, ध्वनिक्षेपक आणि रिळांनी भरलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या आहेत. टेबलावर पांढराशुभ्र प्रकाश असून उरलेला रंगमंच अंधारात बुडालेला आहे. क्रॅपची नजर अधू आहे, त्याला कमी ऐकू येते, तोकडी विजार आणि मळका सदरा अशा वेषात तो खुरडत चालतो. तो केळे खातो, साल फेकतो, त्याच सालीवरून घसरतो. मूकपटातील विदूषकाची ही करामत पाहून प्रेक्षक हसतात. ते हसू ओसरण्यापूर्वीच तो अंधारात जातो, बाटलीचे बूच उघडल्याचा आवाज होतो आणि खतावणी घेऊन तो परततो. त्याला हवे आहे तिसऱ्या पेटीतील पाचवे रीळ.

खतावणीतील नोंदींचा क्रम लक्षणीय आहे. आईचा अखेर झालेला अंत, एक काळा चेंडू, एक सावळी दाई, पोटाच्या तक्रारीत पडलेला किंचित उतार, अविस्मरणीय ठरलेला विषुवदिन आणि सरतेशेवटी प्रेमाचा निरोप, या साऱ्या बाबी एकाच पट्टीत मांडलेल्या आहेत. आईचा मृत्यू आणि बद्धकोष्ठ यांना सारखेच स्थान देणारी ही नोंदवही हिशेबनीसाची आहे. शिवाय यांतील काही नोंदींचा अर्थ आता स्वतः क्रॅपलाच लागत नाही. काळा चेंडू म्हणजे काय, हे त्याला आठवत नाही. जे जपून ठेवण्यासाठी नोंद केली ती नोंद उरली आणि जपावयाची वस्तू मात्र निसटली.

रिळावरील आवाज एकोणचाळिसाव्या वर्षीच्या क्रॅपचा आहे. तो भारदस्त, काहीसा आढ्यतेचा आहे. त्या रात्री त्यानेही दहा-बारा वर्षांपूर्वीचे एक रीळ ऐकलेले आहे. त्या रिळातील तरुणाच्या प्रतिज्ञा, दारू कमी करण्याचा निश्चय, आगामी महान ग्रंथाच्या वल्गना यांची तो टर उडवतो. तो तरुणही आकडेमोडीत रमणारा होता. आठ हजारांहून थोड्या अधिक तासांपैकी सतराशे तास मद्यालयात गेले, असा त्याचा हिशेब आहे. त्या तरुणानेही आपल्या पौगंडावस्थेची खिल्ली उडवलेली आहे. अशा प्रकारे प्रत्येक क्रॅप आधीच्या क्रॅपला मूर्ख ठरवतो. एकोणचाळिशीतला आवाज हसतो तेव्हा एकोणसत्तरीतला म्हाताराही त्याच्यासोबत हसतो. मात्र थोड्याच वेळात हा म्हातारा त्या हसणाऱ्यालाच शिव्या देणार असतो.

या रचनेतून बेकेट एक मूलगामी शंका उपस्थित करतो. पूर्वायुष्यातील चुकीबद्दल पश्चात्ताप होण्यासाठी 'तो मीच होतो' ही ओळख आवश्यक असते. क्रॅपला आपला भूतकाळ परक्याप्रमाणे ऐकू येतो. ज्या माणसाने चूक केली तो मूर्ख होता, मी नव्हे, अशी ही भूमिका आहे. तिच्यातून उपहास जन्मतो, पश्चात्ताप जन्मत नाही. दर दहा-वीस वर्षांनी स्वतःची टर उडविणे हा स्वतःच्या चुकीपासून सुटण्याचाच एक मार्ग ठरतो.

या परकेपणाचा एक सूक्ष्म आविष्कार शब्दाच्या पातळीवर दिसतो. आईच्या दीर्घ वैधव्याविषयी बोलताना एकोणचाळीस वर्षांच्या क्रॅपने 'व्हिड्युइटी' हा दुर्मीळ शब्द वापरला आहे. म्हाताऱ्याला तो कळत नाही. तो जाडजूड शब्दकोश आणतो आणि अर्थ शोधतो. तेथे त्याला त्याच कुळातील नाव असलेल्या, काळ्या पिसाऱ्याच्या पक्ष्याची नोंद सापडते आणि त्या नोंदीतच तो रमतो. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'विडुआ' आहे आणि तो संस्कृत 'विधवा' या शब्दाचा सगोत्र आहे. त्यामुळे मराठी वाचकाला जो शब्द ऐकताक्षणी ओळखीचा वाटावा, तो ज्याने उच्चारला त्यालाच परका झाला आहे. आईचे दुःख बाजूला राहिले आणि पक्ष्याचा पिसारा मनात भरला. लेखकाच्या शब्दासक्तीवरचे हे भाष्य अतिशय कठोर आहे.

काळे आणि पांढरे

नाटकातील प्रतिमासृष्टी काळ्या-पांढऱ्याच्या द्वंद्वावर उभी आहे. काळा चेंडू पांढऱ्या कुत्र्याला दिला जातो. दाईचा पोशाख पांढरा, तिच्यापुढची बाबागाडी काळी. तरुणपणीच्या प्रेयसीचे बिआंका हे नाव इटालियनमध्ये 'पांढरी' या अर्थाचे आहे, तर ती ज्या रस्त्यावर राहत होती त्याचे केदार हे नाव बायबलमधील 'गीतरत्ना'त काळेपणाशी जोडलेले आहे. मराठी वाचकाला या नावातून शिवाचे स्मरण होईल. बेकेटला अभिप्रेत असलेला संदर्भ मात्र त्या काळ्या तंबूंचा आहे. १९६९ साली बर्लिनच्या शिलर थिएटरच्या वेर्कश्टाट या छोट्या रंगमंचावर मार्टिन हेल्ड या नटाला घेऊन बेकेटने स्वतः हे नाटक दिग्दर्शित केले. त्या वेळच्या टिपणवहीत त्याने प्रकाश आणि अंधार यांच्या या जोड्या पद्धतशीरपणे नोंदविल्या आहेत. प्रकाश म्हणजे बुद्धी आणि अंधार म्हणजे देहवासना अशी कप्पेबंद विभागणी क्रॅपने आयुष्यभर केली, असा या टिपणांचा आशय आहे.

हे द्वंद्व आईच्या मृत्यूच्या प्रसंगात अधिक तीव्र होते. कालव्याकाठच्या घरात आई अखेरच्या घटका मोजत आहे आणि क्रॅप बाहेर बाकावर बसून खिडकीकडे पाहत आहे. ती एकदाची सुटावी अशी इच्छा त्याच्या मनात आहे. मधल्या काळात तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचे निरीक्षण करतो, तरुण दाईकडे पाहतो, कुत्र्याशी चेंडू खेळतो. खिडकीवरचा पडदा खाली येतो त्या क्षणी चेंडू त्याच्या हातात आहे. तो चेंडू जन्मभर हाताला जाणवत राहील असे तो सांगतो. आणि ठेवून घेता आला असता, पण कुत्र्याला दिला, अशीही नोंद करतो. बेकेटच्या आईचे निधन २५ ऑगस्ट १९५० रोजी डब्लिनमध्ये, ग्रँड कॅनॉलच्या परिसरातील शुश्रूषागृहात झाले. ही चरित्रात्मक वस्तुस्थिती प्रसंगाच्या उगमापुरती उपयोगी आहे. नाट्यदृष्ट्या महत्त्वाचे हे, की क्रॅप आईच्या खोलीत नाही. तो बाहेरून पाहतो आणि पाहिलेल्याचे नीटनेटके वाक्य करतो. चुकीचे स्वरूप येथे पहिल्यांदा उघड होते. घडत असलेल्या आयुष्यापासून एक हात दूर बसून त्याची सामग्री गोळा करणे हा त्याचा स्थायीभाव आहे.

बटणावरचा हात

नाटकातील खरी कृती ऐकण्याची आहे, आणि ऐकण्यातही थांबविण्याची. क्रॅप यंत्र कोठे बंद करतो, फीत कोठे पुढे नेतो आणि कोठे मागे घेतो, यावरून त्याचे मन कळते. एकोणचाळिसाव्या वर्षीच्या क्रॅपला त्या सालातील सर्वांत मोलाची घटना वाटली ती मार्चमधील एका वादळी रात्री बंदराच्या धक्क्यावर झालेला साक्षात्कार. आपल्या लेखनाचे सार त्या रात्री गवसले, अशी त्याची खात्री आहे आणि ते सांगण्यासाठीच हे मुद्रण प्रामुख्याने केलेले आहे. म्हातारा मात्र नेमका तोच भाग ऐकून घेत नाही. तो चिडतो, शिवी हासडतो, फीत पुढे पळवतो, पुन्हा तेच लागले की पुन्हा पुढे पळवतो. परिणामी तो साक्षात्कार नेमका काय होता हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. (बेकेटने जेम्स नोल्सन या चरित्रकाराला सांगितल्यानुसार त्याला स्वतःला असा साक्षात्कार झाला तो धक्क्यावर नव्हे, आईच्या खोलीत. क्रॅपला त्या खोलीबाहेर ठेवून लेखकाने त्याच्या आणि आपल्यातील अंतर राखले आहे.)

याउलट मुद्रणाच्या शेवटाकडे, जवळजवळ पुरवणी म्हणून आलेला होडीतील प्रसंग म्हातारा पुन्हा पुन्हा ऐकतो. तळ्यावर कडक ऊन आहे, किंचित वारा आहे. होडीच्या तळाशी ती डोळे मिटून पहुडली आहे. तिच्या मांडीवर गूजबेरी तोडताना उठलेला ओरखडा आहे. यापुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही असे तो म्हणतो आणि डोळे न उघडता ती होकार देते. तो तिला आपल्याकडे पाहण्याची विनंती करतो. उन्हामुळे तिचे डोळे उघडत नाहीत, म्हणून तो वाकून त्यांवर आपली सावली धरतो आणि मग ते उघडतात. होडी पाणगवतात शिरून अडकते. दोघे निश्चल पडून राहतात. हलत असते ते त्यांच्या खालचे पाणी.

या प्रसंगाचे सौंदर्य असे आहे, की त्यामुळे अभ्यासकाची दिशाभूल होणे स्वाभाविक आहे. त्यावरूनच 'कलेसाठी प्रेम गमावले' हे सूत्र प्रचलित झाले. तथापि तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, प्रेम संपविण्याचा निर्णय दोघांचा आहे. ती विनातक्रार संमती देते. दुसरी, ते नाते टिकले असते तर क्रॅप सुखी झाला असता, असे संहितेत कोठेही सूचित नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की म्हातारा ज्यात रमतो तो प्रसंग प्रेमाच्या निरोपाचा आहे. तीस वर्षांपूर्वी ओठांवर आलेले सुंदर गद्य तो पुन्हा पुन्हा ऐकतो. मुलगी आता कोठे आहे, तिचे काय झाले, याची त्याला चौकशी नाही. नाटकात तिला नावही नाही. तिच्याबाबत चुकलो असे त्याला वाटत असेलही. परंतु ऐकण्याच्या या कृतीत तिला स्थान नाही. ही हळहळ खरी आहे, तरी ती स्वतःभोवतीच फिरते. तिच्यात एक प्रकारचे सुखही मिसळलेले आहे.

न नोंदलेल्या आठवणी

म्हातारा नवे रीळ चढवतो आणि एकोणसत्तराव्या वर्षाची नोंद करू लागतो. हा नाटकातील सर्वांत दुर्लक्षित आणि, प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने, सर्वांत महत्त्वाचा भाग होय. आरंभी तीस वर्षांपूर्वीच्या स्वतःला शिव्या आहेत. मग सांगण्यासारखे काही नाही अशी कबुली आहे. वर्षभरातील परमानंदाचा क्षण कोणता, तर रिळासाठी वापरल्या जाणाऱ्या 'स्पूल' या शब्दाच्या उच्चारात मिळालेला. महान ग्रंथाचे फलित म्हणजे सतरा प्रती खपल्या. त्यांपैकी अकरा सवलतीच्या दराने परदेशातील ग्रंथालयांना गेल्या. फाँटानेची 'एफी ब्रिस्ट' ही कादंबरी रोज एक पान याप्रमाणे डोळ्यांत पाणी आणून पुन्हा वाचली आणि त्या नायिकेबरोबर बाल्टिकच्या किनारी आपण सुखी झालो असतो, असे त्याच्या मनात येऊन गेले. जिवंत स्त्रीचा सहवास नाकारणारा हा माणूस पुस्तकातील स्त्रीबरोबर संसार मांडू पाहतो. फॅनी नावाची एक जख्ख वेश्या अधूनमधून येऊन जाते. प्रार्थनेला गेला तर तेथे त्याला झोप लागते आणि तो बाकावरून खाली पडतो.

इथवर सारे काही उपहासाच्या जुन्याच सुरात चालले आहे. यानंतर मात्र सूर बदलतो. अंधारात उशाला टेकून भटकत राहावे, असे तो स्वतःला सांगू लागतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दरीतल्या झाडीत लाल फळांची हॉली गोळा करणारा मुलगा पुन्हा व्हावे. रविवारच्या सकाळी धुक्यात क्रोगनच्या टेकडीवर कुत्रीसह उभे राहून घंटा ऐकाव्यात. या आठवणींचे वैशिष्ट्य असे, की त्या कोणत्याही रिळावर असल्याचे सूचित होत नाही. त्यांना पेटी क्रमांक नाही, खतावणीत नोंद नाही. त्या न बोलावता आलेल्या आहेत. १९३१ च्या प्रबंधातील दुसऱ्या प्रकारची स्मृती येथे, नाटकात प्रथमच, बोलू लागते. तिच्यात 'तो मूर्ख' नाही. तो मुलगा आणि हा म्हातारा यांच्यामध्ये या काही क्षणांपुरते यंत्र नाही.

आणि लगेच, त्याच ओघात, होडीतील क्षण येतो. या वेळी तो म्हाताऱ्याच्या स्वतःच्या तोंडून, त्याच्या आजच्या चिरक्या आवाजात येतो. तिच्यावर पुन्हा तसेच पहुडावे, असे तो स्वतःला सांगतो. तत्पूर्वी त्याने स्वतःला एक बोचरा प्रश्नही विचारलेला आहे. ते सारे दुःख एकदा भोगून तुझे भागले नाही काय, अशा आशयाचा तो प्रश्न आहे. नाटकभर केवळ येथेच भूतकाळ आणि वर्तमान एका वाक्यात एकत्र येतात. चूक करणारा आणि चूक आठवणारा ही दोन माणसे येथे एक होतात. पश्चात्ताप शक्य असेल तर तो या क्षणी.

हा क्षण क्रॅपला पेलवत नाही. एक दीर्घ स्तब्धता, मग तो यंत्रावर झेपावतो, चालू असलेले रीळ उपटून फेकून देतो, जुने रीळ चढवतो आणि होडीचा प्रसंग पुन्हा लावतो. स्वतःच्या तोंडून येऊ लागलेली आठवण थांबवून तो त्याच आठवणीची मुद्रित प्रत ऐकू लागतो. आईच्या खोलीबाहेरचा बाक आणि हा टेपरेकॉर्डर यांत फरक नाही. तीस वर्षांपूर्वीची चूक त्याने या रात्री, प्रेक्षकांसमोर, पुन्हा केलेली आहे. प्रेम नाकारणे हा त्या चुकीचा एक प्रसंग होता. आयुष्याला सामोरे न जाता त्याची नोंद ऐकत बसणे हे तिचे खरे स्वरूप.

अखेरची शांतता

असे असले तरी बेकेट क्रॅपवर न्यायनिवाडा देऊन थांबत नाही. पहिल्यांदा होडीचा प्रसंग संपला तेव्हा मध्यरात्रीच्या शांततेविषयीचे वाक्य सुरू होताच म्हाताऱ्याने बटण दाबून आवाज बंद केला होता. अखेरीस तोच भाग पुन्हा येतो. या वेळी हात बटणाकडे जात नाही. म्हणून ज्या ओळी आपण आतापावेतो ऐकल्या नव्हत्या त्या ऐकू येतात. एकोणचाळिसाव्या वर्षीचा क्रॅप रीळ संपविताना म्हणतो, की सुखाची शक्यता असलेली आपली सर्वोत्तम वर्षे कदाचित सरली असतील, पण अंतरात आता जी आग आहे ती पाहता ती वर्षे परत नकोत. म्हातारा समोर शून्यात पाहत निश्चल बसतो. आवाज संपतो. फीत मात्र शांतपणे फिरत राहते.

'पश्चात्ताप' या शब्दातच ताप आहे. नंतर जाणवणारा दाह आहे. एकोणचाळिशीतील आगीची बढाई आणि एकोणसत्तरीतील राख यांच्यामध्ये हा दाह कोठे आहे, असे विचारल्यास उत्तर त्या न दाबलेल्या बटणात शोधावे लागते. क्रॅप काही बोलत नाही, क्षमा मागत नाही. मागावी असे समोर कोणी नाही. परंतु आयुष्यभर नको ते पुढे ढकलणारा हात या एकदाच थांबतो आणि नको असलेले वाक्य तो शेवटपर्यंत ऐकून घेतो. याला पश्चात्ताप म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पश्चात्तापाच्या उंबरठ्यापर्यंत आलेला माणूस, एवढेच म्हणता येते. नाटकाचा उदात्त भाग असेल तर तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

प्रयोगपरंपरेतही या शेवटाचे निरनिराळे अर्थ लावले गेले आहेत. बर्लिनच्या प्रयोगात बेकेटने विदूषकी वेशभूषेचा भडकपणा कमी केला आणि क्रॅपला दोनदा मागे वळून अंधारात पाहावयास लावले. त्या अंधारात मृत्यू उभा आहे, ही त्यामागील कल्पना होती. २००६ मध्ये हॅरॉल्ड पिंटर या नाटककाराने रॉयल कोर्टमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून ही भूमिका केली. तो स्वतः गंभीर आजारातून गेलेला होता. केळ्याची करामत त्याने गाळली. २०२४ साली डब्लिनमध्ये स्टीफन रे याने ही भूमिका केली तेव्हा तरुण क्रॅपचा आवाज म्हणून सुमारे बारा वर्षांपूर्वी स्वतःच मुद्रित करून ठेवलेली फीत वापरली. नटाचे प्रत्यक्ष वय आणि पात्राचे वय यांतील सीमारेषा अशी पुसली गेली, की भूमिकेचा आधार उरत नाही.

येथे 'नटसम्राट'ची तुलना उद्बोधक ठरते. बेलवलकरांची स्मृती भूमिकांच्या द्वारे बोलते. ऑथेल्लो, सीझर यांच्या रूपांत शिरून ते आपले दुःख मोठे करतात आणि ते ऐकावयास श्रोते असतात. भूमिका हे त्यांचे आश्रयस्थान आहे आणि संवादाचे साधनही. क्रॅपपाशी भूमिका नाही आणि श्रोताही नाही. आहे तो स्वतःच्या आवाजाचा साठा. एकाची शोकांतिका घर गमावल्याची, दुसऱ्याची घराचे दार आतून लावून घेतल्याची. बेलवलकरांसाठी प्रेक्षकाचे डोळे पाणावतात. क्रॅपसाठी तसे होत नाही. प्रेक्षक अस्वस्थ होऊन स्वतःच्या कपाटातील वह्या, पत्रे, छायाचित्रे आठवू लागतो.

समारोप

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. 'क्रॅप्स लास्ट टेप' हे कला विरुद्ध प्रेम अशा निवडीचे नाटक म्हणून शिकविणे अपुरे आहे. निवड चुकल्याचे दुःख नाटकात आहे, परंतु चुकीचे मूळ आयुष्याकडे सामग्री म्हणून पाहण्याच्या सवयीत आहे.

२. स्वतःच्या भूतकाळाचा उपहास हे आत्मपरीक्षण ठरत नाही. तीन वयांतील क्रॅप परस्परांना हसतात आणि त्या हसण्यानेच चुकीची जबाबदारी टाळतात.

३. यंत्रबद्ध आणि अवचित अशा दोन स्मृतींचा संघर्ष नाटकाच्या उत्तरार्धात घडतो. न नोंदलेल्या आठवणींत क्रॅप क्षणभर एकसंध होतो आणि त्या एकसंधतेपासूनच पळ काढतो.

४. पश्चात्तापाला दुसऱ्या माणसाची उपस्थिती लागते. ती नसेल तर उरते ती हळहळ, आणि हळहळीची आवर्तने कितीही होऊ शकतात.

हातातल्या यंत्रात प्रत्येक क्षण साठविण्याची सोय आज सर्वांनाच झाली आहे. क्रॅप निदान वर्षातून एकदा, निवड करून, नोंद करीत असे. साठा वाढला म्हणून आठवण वाढते काय, आणि आठवण झाली म्हणून माणूस आपल्या चुकीपर्यंत पोहोचतो काय, हा बेकेटने १९५८ साली विचारलेला प्रश्न अनुत्तरित आहे. वर्गात हे नाटक शिकविताना विद्यार्थ्यांसमोर तयार तात्पर्य न ठेवता हा प्रश्न ठेवणे आणि अखेरची फीत फिरत असतानाची ती शांतता त्यांना ऐकू देणे अधिक उचित ठरेल.